भयाचे अंतर आणि मुलाचा आत्मसन्मान



ओढ्यावरील एकाच साकवापाशी दोन मुले येतात. एक सहज पार होते. दुसऱ्याचे पाय जागीच थबकतात. साकव तोच, पाणीही तेवढेच. मग भयात एवढे अंतर का? ‘मूल भित्रे आहे’ असे म्हणून आपण प्रश्न मिटवितो. वस्तुतः मूल स्वतःची किंमत काय समजते, यावरही त्याचे उत्तर अवलंबून असू शकते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ केंट हार्बर व त्यांचे सहकारी यांनी याविषयीचे आपले प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध केले. एका प्रयोगात काही व्यक्तींचा आत्मसन्मान आधी जागविण्यात आला, तर काहींचा उणावेल असे करण्यात आले. नंतर समोर एक मोठा जिवंत कोळी ठेवून, तो किती अंतरावर आहे, हे विचारण्यात आले. आत्मसन्मान खालावलेल्यांना कोळी अधिक जवळ भासला. त्या जागी निरुपद्रवी खेळणे असता मात्र असा फरक आढळला नाही. सारांश, आत्मसन्मान भयाच्या प्रसंगी ढालीसारखा उपयोगी पडतो.

हा प्रयोग आपल्या शाळांतील मुलांवर झालेला नाही. म्हणून त्यावरून घाईने नियम बांधू नये. तथापि ‘तुला काही येणार नाही’ असे वर्गासमक्ष वारंवार ऐकणाऱ्या मुलास फळा, परीक्षा वा थोराड सोबती किती जवळ आलेले भासत असतील, याचा विचार आपण अवश्य करावा. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळासही मनाई केली आहे, हेही स्मरणात असावे.

आत्मसन्मान म्हणजे बेफिकिरी नव्हे. विहिरीस कठडा हवाच आणि साप दिसताच दूर व्हावयास हवेच. रास्त भय हे रक्षकच होय. भय नाहीसे करणे हा आपला हेतू नसून, ते संकटाच्या मापाचे राहावे, एवढाच आहे.

यास्तव पुढील गोष्टी कराव्यात :

(१) सुरक्षिततेचा पाठ देण्यापूर्वी प्रत्येक मुलास त्याने नीट केलेले एखादे काम सांगावयास लावावे.

(२) भ्यालेल्या मुलास हसू नये, इतरांस हसू देऊ नये. ‘तुला ते केवढे वाटते?’ असे शांतपणे विचारावे.

(३) चूक दाखवावी ती कामातील. मुलाची योग्यता काढू नये.

आपल्या वर्गातील सर्वांत भित्र्या मुलास गेल्या आठवड्यात आपल्याकडून कोणते शब्द ऐकावयास मिळाले, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.