फळी, टेबल आणि सरावाची गोडी

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दुपारचे जेवण आटोपल्यावर एक तरुण आमच्या शेजारी येऊन बसला. दहावीपर्यंत आपल्याच वसतिगृहात राहिलेला, आज पुण्यात नोकरी करणारा. घरची, गावाची विचारपूस झाली. मग तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "सर, एक विचारू? रागावणार नाही ना? मी तिकडं पूल खेळतो. दोन वर्षं झाली, पण जिथं होतो तिथंच आहे. इथं कॅरमला मला कोणी हरवत नव्हतं." थोड्या वेळाने, नजर खाली ठेवून, त्याने दुसरीही गोष्ट सांगितली. हरणाऱ्याने टेबलाचे भाडे द्यायचे, येथून सुरुवात झाली होती. पुढे पैजा वाढल्या आणि एका महिन्याचे मेसचे पैसे त्या टेबलावर गेले.

आम्ही इतिहास शिकवणारे. बिलियर्ड्सची काठी तोवर आम्ही हातातही धरली नव्हती. तरीही विद्यार्थ्याने विश्वासाने विचारलेला प्रश्न तसाच सोडून देणे आम्हाला जमले नाही. त्या विषयावर मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले, वसतिगृहातील कॅरमच्या फळीवर पडताळून पाहिले आणि दिवाळीच्या सुटीत पुण्यास गेलो असता त्याच्यासोबत दोन संध्याकाळी टेबलापाशी उभे राहिलो. त्यातून जे हाती आले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहोत. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. आपली अनेक मुले आज शहरांत आहेत आणि अशी टेबले तेथे सहज उपलब्ध आहेत.

खेळ कोणाचा?

बिलियर्ड्स हा खेळ आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला आणि लष्करी छावण्या, अधिकाऱ्यांचे भोजनगृह व क्लब यांच्या भिंतींआड वाढला. स्नूकर हा त्याचा भाऊबंद तर भारतातच जन्मला. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने तो खेळ सुरू केल्याचे मानले जाते. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. आपले हिंगोली हेही एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटचे छावणीचे ठाणे होते, हे येथे ध्यानात घ्यावे. छावणीतल्या साहेबांची करमणूक आणि गावातल्या माणसांचे जगणे यांत किती अंतर होते, हे आपल्या वाडवडिलांना कोणी वेगळे सांगायला नको होते.

क्लबातील बिलियर्ड्सच्या खोलीत 'मार्कर' नावाचा नोकर असे. गुण मोजणे, चेंडू जागेवर ठेवणे, साहेबाला जोडीदार हवा असल्यास त्याच्याशी खेळणे ही त्याची कामे. कित्येक मार्करांचा हात सदस्यांपेक्षा तयार असे. सदस्यांच्या यादीत मात्र त्यांचे नाव नसे. कौशल्य एकाकडे आणि मान दुसऱ्याकडे, ही आपल्या समाजाच्या परिचयाची गोष्ट आहे.

स्वतंत्र भारताला कोणत्याही खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता याच टेबलाने दिला. विल्सन जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यात, अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. १९५८ साली कोलकात्यात आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद जिंकले. राष्ट्रीय बिलियर्ड्स अजिंक्यपद त्यांनी बारा वेळा मिळवले. पुढे ते प्रशिक्षक झाले आणि १९९६ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांच्यामागून आलेले मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ साली जगज्जेते ठरले. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एकाच डावात, एकदाही न चुकता, ११४९ गुण केले. बिलियर्ड्समध्ये एका फटक्याला साधारणपणे दोन किंवा तीन गुण मिळतात. यावरून ओळीने किती शेकडे फटके अचूक बसले असतील, याचा हिशोब विद्यार्थ्यांनी स्वतः मांडून पाहावा. पंचविसाहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळवणारे पंकज अडवाणी यांचाही जन्म पुण्याचाच. ते घडले मात्र बेंगळुरूत, अरविंद सवूर यांच्या हाताखाली.

बिलियर्ड्स व स्नूकरचे पूर्ण मापाचे टेबल सुमारे बारा फूट लांब व सहा फूट रुंद असते. ते आपल्या शाळेत येण्याची चिन्हे नाहीत. कॅरमची फळी मात्र आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. २०२४ साली अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात चेन्नईच्या काझिमा या मुलीने तीन सुवर्णपदके मिळवली. तिचे वडील ऑटोरिक्षा चालवतात. सराव करणाऱ्याच्या हाताला त्याच्या घरची मिळकत विचारली जात नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

फळीवरचा हात टेबलावर का अडतो?

आमच्या विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. कॅरमचा स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपर्यंत वजनाचा असतो, सोंगटी त्याच्या जवळपास एक तृतीयांश. म्हणून सोंगटीला सरळ मारले तरी स्ट्रायकर थांबत नाही, तो तिच्या मागे धावतो आणि कधी कधी तिच्याबरोबर पॉकेटात जाऊन आपल्यालाच दंड घडवतो. पूल आणि स्नूकरमध्ये पांढरा चेंडू आणि ज्याला मारायचे तो चेंडू साधारण एकाच वजनाचे असतात. तेथे घसरत जाणारा पांढरा चेंडू दुसऱ्याच्या बरोबर मध्यावर आदळला, तर आपला सारा वेग त्याला देऊन जागीच थांबतो. बाजूने आदळला, तर टक्करीनंतर दोघांच्या वाटांत सुमारे काटकोन होतो.

शिवाय चेंडू गोल असल्यामुळे तो स्वतःभोवती फिरतो. मध्याच्या वर काठी लागली तर टक्करीनंतर पांढरा चेंडू पुढे जातो, मध्याच्या खाली लागली तर मागे येतो. फळीवर हा प्रकार नाही. म्हणून कॅरममध्ये तरबेज असलेला मुलगा चेंडू पॉकेटात घालतो खरा, पण पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी कोठे थांबेल, हे त्याच्या हाती राहत नाही. आमचा विद्यार्थी नेमका येथेच अडला होता. एक चेंडू तो सुंदर घालत असे आणि पुढच्या फटक्याला त्याची वाट बंद झालेली असे.

नेमाची रीत मात्र दोन्हीकडे एकच आहे. पॉकेटापासून चेंडूच्या मध्यातून एक रेषा मनाने मागे ओढावी. त्या रेषेवर, चेंडूला चिकटून, आणखी एक चेंडू ठेवला आहे अशी कल्पना करावी. पांढरा चेंडू त्या कल्पित चेंडूच्या जागी पोहोचला की काम झाले. फळीवर तयार झालेली नजर येथे पूर्ण उपयोगी पडते.

सरावाच्या काही रीती

सराव म्हणजे एकच फटका कंटाळा येईपर्यंत मारणे, असा आपला समज असतो. कंटाळलेल्या हाताला चुकाच पाठ होतात. म्हणून सरावाला खेळाचेच रूप द्यावे. खालील रीती आमच्या विद्यार्थ्याने करून पाहिल्या आहेत.

पहिली, बाटली. सरबताची रिकामी काचेची बाटली टेबलावर आडवी ठेवून तिला दोन्ही बाजूंनी पुस्तकांचा आधार द्यावा. क्यू किंवा एखादी सरळ, गुळगुळीत काठी तिच्या तोंडातून काचेला न लागता आत-बाहेर करावी. काठी लागली की काच आवाज करते. सोबत राहणाऱ्या मित्राला मोजायला बसवावे आणि वीसपैकी किती वेळा आवाज झाला ते लिहावे. यास टेबल लागत नाही, भाडेही लागत नाही.

दुसरी, जाणे-येणे. टेबलाच्या मधोमध सरळ रेषेत पांढरा चेंडू समोरच्या गादीवर मारावा. तो परतून काठीच्या टोकाशी आला पाहिजे. डावीउजवीकडे गेला तर काठी मध्यावर लागली नाही किंवा हात वाकडा गेला, असे समजावे. टोकाला खडू लावण्याचा आळस करू नये. खडू नसला की काठी चेंडूवरून निसटते.

तिसरी, थांबा. पांढरा चेंडू, दुसरा चेंडू आणि पॉकेट एका रेषेत ठेवावेत. चेंडू पॉकेटात जावा आणि पांढरा जागीच थांबावा. आधी दोन्ही चेंडूंत एक फुटाचे अंतर ठेवावे. दहापैकी सात वेळा जमले की अंतर वाढवावे, त्याआधी वाढवू नये. जवळचा फटका जमण्यापूर्वी लांबचा मारण्याची घाई बहुतेकांना नडते.

चौथी रीत आमच्या विशेष आवडीची, कागदाची घडी. वर्तमानपत्राचे एक पूर्ण पान टेबलावर पसरावे. कोणताही चेंडू पॉकेटात घालून पांढरा चेंडू त्या कागदावर थांबवायचा. जमले तर कागदाची एक घडी घालावी, चुकले तर एक घडी उलगडावी. दोघांनी आलटून पालटून खेळल्यास तासभर कसा गेला ते कळत नाही. पांढऱ्या चेंडूचा वेग आणि त्याची थांबण्याची जागा हाताला याच खेळातून उमगते.

पाचवी, अदृश्य जोडीदार. कोणी सोबत नसेल तेव्हा तीन चेंडू टेबलावर मोकळे पसरावेत आणि पांढरा हवा तेथे ठेवून सुरुवात करावी. तिन्ही न चुकता घातले तर गुण आपला, एकदाही चुकलो तर गुण त्या अदृश्य जोडीदाराचा. आधी पाच गुण करील तो जिंकला. आपण जिंकू लागलो की चेंडू चार करावेत. हा जोडीदार कधी दमत नाही आणि आपली खोटी स्तुतीही करत नाही.

एका तासाचे भाडे भरले असेल तर वीस मिनिटे दुसरी व तिसरी रीत मिसळून, वीस मिनिटे घडीचा खेळ आणि शेवटची वीस मिनिटे मित्राशी सामना, अशी वाटणी करावी. नुसते सामने खेळत राहिल्यास ज्या फटक्याची भीती वाटते तो आपण टाळत राहतो. दोन वर्षे जाऊनही खेळ जागचा हलत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

आणि शेवटी, वही. तारीख, रीत आणि दहापैकी किती, एवढे तीन रकाने पुरेत. महिन्याने मागची पाने उलटली की आपण कोठे होतो आणि कोठे आलो हे दिसते. ते दिसण्याचा आनंद हाच सरावाचा खरा मोबदला होय.

पैजेविषयी, आणि आमच्या एका चुकीविषयी

आता दुसरा प्रश्न. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी तरुण गृहस्थाला धनहानीची कारणे समजावून दिली आहेत, त्यांत जुगाराची गणना आहे. जिंकणारा वैर मिळवतो आणि हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, असा तेथील बोधाचा आशय आहे. आमच्या विद्यार्थ्याने सांगितलेल्या महिन्यात हे सारे घडले होते. मेसचे पैसे गेले, ज्याने ते जिंकले त्याच्याशी बोलणे तुटले आणि घरी खोटे बोलावे लागले.

पालकांना यावर एकच उपाय सुचतो, खेळ बंद. आम्हीही एकदा तेच केले होते. काही वर्षांपूर्वी वसतिगृहात मुले कॅरमवर सकाळच्या नाश्त्याची पैज लावतात असे कळले. हरलेला मुलगा उपाशी वर्गात बसे. आम्ही संतापून फळी कपाटात टाकली आणि कुलूप लावले. वर्षभर ती तशीच होती. मग समजले की मोठी मुले सुटीच्या दिवशी बाजारातील एका टपरीमागे खेळायला जातात आणि तेथे नाश्त्याऐवजी पैसे लागतात. कुलूप लावून पैज थांबली नव्हती, ती फक्त आमच्या नजरेआड गेली होती. ही चूक आमची होती आणि ती आम्ही त्या वेळी मुलांसमोर कबूल केली.

फळी बाहेर आली ती दोन नियमांसह. पैज लागली तर त्या दोघांचा आठवडाभर खेळ बंद. आणि प्रत्येकाचे गुण भिंतीवरच्या तक्त्यावर. गंमत अशी झाली की दुसऱ्याला हरवण्यापेक्षा स्वतःचा मागच्या आठवड्याचा आकडा ओलांडण्याची मुलांना अधिक चटक लागली. मुलीही खेळू लागल्या आणि काही महिन्यांत तक्त्यावरचे पहिले नाव एका मुलीचे होते. पैज लावणारा मनुष्य समोरच्याच्या चुकीची वाट पाहतो. सराव करणारा स्वतःची चूक शोधतो आणि ती सापडली की त्याला बरे वाटते. हा फरक मुलांना एकदा अनुभवाने कळला की पुन्हा सांगावा लागत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी शहरात पूल खेळते असे कळल्यास आधी रागावू नये. वही ठेवतोस का, हरल्यावर काय द्यावे लागते, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तरांवरून पुढे काय करायचे ते आपोआप कळेल.

गेल्या महिन्यात त्या विद्यार्थ्याचा फोन आला. पैजा सुटल्या आहेत, जुने दोन जोडीदारही त्यामुळे सुटले, असे तो म्हणाला. त्याचे त्याला वाईट वाटत होते, हे आवाजावरून कळत होते. मग म्हणाला, "सर, काल कागदाच्या तीन घड्या झाल्या. चौथीला चुकलो."

आम्ही म्हणालो, "वहीत लिहिलंस ना?"

"लिहिलं, सर."

वसतिगृहाची फळी आता रोज संध्याकाळी वंदनेनंतर तासभर खुली असते. माजी विद्यार्थ्यांनी येताना जरूर बसावे. तक्त्यावर पाहुण्यांसाठी एक ओळ मोकळी ठेवलेली आहे.