एअर फ्लो सेन्सर: बदलण्याआधी तपासा, आणि तपासणीचे पैसे घ्या

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एअर फ्लो सेन्सर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'मॅफ', स्कॅनर लावून तपासला. व्हिडिओत आकडे भरभर जातात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. स्वतःचं छोटं गॅरेज किंवा स्कॅनिंगचं काम सुरू करायचा विचार असेल, तर गाडीशेजारी उभं राहून हे वाचा.

माझं दुकान स्पेअर पार्टचं. काऊंटरच्या आतल्या बाजूने एक प्रकार नेहमी दिसतो. नवीन गॅरेजवाला येतो, "कोड आलाय, मॅफ द्या" म्हणतो आणि तीन दिवसांनी तोच पार्ट परत आणतो, "फरकच पडला नाही." आता इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की दुकानदार परत घेत नाही, कारण त्याच्याकडूनही तो कोणी परत घेत नाही. समजा पार्ट ५,००० रुपयांचा आणि तुमची मजुरी ३०० रुपये. ग्राहकाने पैसे द्यायला नकार दिला, तर अशा सोळा-सतरा कामांची मजुरी गेली. बीबीएला कॉस्टिंगचा अख्खा पेपर होता, पण हे गणित काऊंटरवरच नीट कळतं.

आधी सेन्सर काय करतो ते बघू. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात तो बसतो. आत एक बारीक तार किंवा फिल्म गरम ठेवलेली असते. हवा वाहिली की ती थंड होते, आणि तिला तेवढंच गरम ठेवायला किती करंट लागतो त्यावरून इंजिनात किती वजनाची हवा गेली ते ईसीयूला कळतं. त्या हिशोबाने पेट्रोल सोडलं जातं. तारेवर धूळ-तेलाचा थर बसला, की हवा खरी जाते त्यापेक्षा कमी दिसते. मग पिकअप मरतो, गाडी झटके देते, ॲव्हरेज बिघडतं.

आणि हो, गाडीत मॅफ आहे का ते आधी बघा! मारुतीच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. नावं सारखी वाटतात, पार्ट वेगळे.

आता कोड. पी०१०१ म्हणजे रीडिंग ईसीयूच्या अंदाजात बसत नाही, पी०१०२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी०१०३ म्हणजे फार जास्त. यातला एकही कोड 'सेन्सर बदला' असं सांगत नाही. पी०१०२ तर नुसता कनेक्टर निघाला तरी येतो. म्हणून कनेक्टर काढून पिना हिरव्या पडल्यात का बघा, इग्निशन ऑन करून मल्टिमीटरने सप्लाय आणि अर्थ तपासा, मग वायर हलवत स्कॅनरवर रीडिंग उडतंय का बघा. एअर फिल्टर नीट बसलाय का, डब्याच्या क्लिपा लागल्यात का, सेन्सरनंतरच्या रबरी होजच्या घड्यांत चीर आहे का, हेही बघा. होज हाताने ताणल्याशिवाय चीर दिसत नाही.

पेट्रोल गाडीत खरा निकाल फ्युएल ट्रिम देतं. ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, तो हा आकडा. शॉर्ट आणि लाँग दोन्हींची बेरीज करायची. इंजिन गरम, एसी बंद. बेरीज १० टक्क्यांच्या आत असेल तर साधारण ठीक. आता दोन रीडिंग घ्या, एक आयडलला आणि एक २,५०० आरपीएमला. आयडलला अधिक २० आणि रेस दिल्यावर अधिक ५ आलं, तर सेन्सरला हात लावू नका. मॅनिफोल्डच्या बाजूला कुठून तरी हवा चोरून आत शिरतेय. आयडलला ती चोरी मोठी दिसते, रेस दिली की एकूण हवेत तिचा वाटा कमी होतो. उलट आयडलला जवळपास शून्य आणि जसजसा लोड वाढेल तसतसं अधिक १५, अधिक २० होत गेलं, तर संशय मॅफवर. पण पेट्रोल पंप कमजोर असला किंवा फिल्टर चोक असला तरी असंच दिसतं, म्हणून फ्युएल प्रेशर मोजल्याशिवाय ग्राहकाला काही बोलू नका.

सोबत मॅफचं रीडिंगही बघा. गरम पेट्रोल इंजिन आयडलला ढोबळमानाने जितके लिटर तितके ग्रॅम प्रति सेकंद किंवा थोडं जास्त हवा घेतं. १.८ लिटरच्या गाडीत २ ते ३ ग्रॅम दिसले तर ठीक.

डिझेलला हा हिशोब लावू नका. तिथे हवा अडवायला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, शिवाय ईजीआर उघडला की ताजी हवा कमी होते. बऱ्याच डिझेल गाड्यांत रीडिंग मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक दिसतं. १,२४८ सीसीच्या इंजिनात एका सिलिंडरला ३१२ सीसी येतात; हवा लिटरला साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे पूर्ण भरला तर सुमारे ३७० मिलिग्रॅम. ईजीआर बंद असताना आयडलला रीडिंग याच्या अर्ध्यावर असेल, तर काहीतरी गडबड आहे. टर्बोनंतरचा पाइप फुटला असेल तर गोष्ट उलटी: मोजलेली हवा बाहेर जाते आणि गाडी काळा धूर सोडते. तिथेही बिचारा मॅफच बदनाम होतो.

संशय पक्का झाला तरी आधी सफाई. फक्त मॅफ क्लीनरचा स्प्रे वापरा. कार्ब क्लीनर, कापड, इअरबड, कंप्रेसरची हवा, यातलं काहीही नको. पूर्ण वाळू द्या, बसवताना बाणाची दिशा बघा, कोड क्लिअर करून रोड टेस्ट घ्या. ट्रिम जागेवर आलं तर पार्ट विकायची गरजच नाही. माझा एक सेन्सर कमी खपेल, चालतंय!

आता पैशांचं. एवढ्या तपासणीला पाऊण-एक तास जातो. तो फुकट दिलात, तर पार्ट विकूनच कमवायची सवय लागते. गाडी आत घेतानाच सांगा, "साहेब, तपासणीचे इतके होतील, काम इथेच केलंत तर बिलात वजा करू." जॉब कार्डवर हे वाक्य लिहून सही घ्या. तपासणीआधीचा आणि नंतरचा स्कॅनरचा फोटो ग्राहकाच्या व्हॉट्सॲपवर टाका. दोनशे रुपयांसाठी कटकट करणारा माणूसही ट्रिम २० वरून ४ वर आलेलं बघितलं की शांत होतो. जो तरीही म्हणेल "ते सगळं राहू द्या, डायरेक्ट सेन्सर टाका", त्याच्याकडून पार्टचे पूर्ण पैसे आधी घ्या आणि 'ग्राहकाच्या सांगण्यावरून बदलला' असं कार्डवर लिहा.

पुढच्या व्हिडिओत ईजीआर उघडून साफ करू. जुने कपडे घालून बसा.