आतली डिस्क आधी काढ

खडकवासला, पुणे

चि. मुक्ता,

बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स शिकायचं, पण आतल्या विंडोजला आणि दुकानाच्या हिशेबाला धक्का लावायचा नाही, ही तुझी अट मला फार आवडली. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे मोफत अपडेट थांबवले आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते, ती बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये नसते. तेवढ्यासाठी धडधाकट यंत्र भंगारात जावं हे मला पटत नाही. तुमच्या नारायणगावजवळ खोडदला 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे ना, तिच्या संकेतांची आकडेमोड लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांवरही झाली आहे. तेव्हा हे शिकणं वाया जाणार नाही.

कायमचं लिनक्स पेनड्राइव्हवर टाकू नकोस. सिस्टीम सतत काही ना काही लिहीत असते, स्वस्त पेनड्राइव्ह त्यात अडखळतो आणि लवकर मरतो. पुण्याला आलीस की तपकीर गल्लीतून लहानशी साटा एसएसडी आणि तिची यूएसबी केसिंग घे, आणि लिनक्स त्या बाहेरच्या डिस्कवर टाक. पेनड्राइव्ह फक्त इन्स्टॉलरपुरता, 8 जीबीचा पुरे. लॅपटॉपला निळं यूएसबी 3 पोर्ट असेल तर डिस्क तिथेच लाव. रॅम 4 जीबीच असेल तर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती निवड.

आता खरी जोखीम कुठे आहे ते सांगतो. इन्स्टॉलरमध्ये तू बाहेरची डिस्क निवडशील आणि निर्धास्त होशील. पण लिनक्स कुठे जातं आणि संगणक सुरू करून देणारा ग्रब हा बूटलोडर कुठे जातो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. यूईएफआय फर्मवेअर असलेल्या लॅपटॉपवर उबंटू-मिंटचा इन्स्टॉलर, आपण काहीही निवडलं तरी, ग्रब आतल्या डिस्कच्या ईएफआय विभागात, म्हणजे बूटलोडर ठेवायच्या जागी, टाकतो, असं अनेकांच्या बाबतीत झालं आहे. मग तू तुझी डिस्क काढून कॉलेजला गेलीस की बाबांपुढे काळा पडदा आणि ग्रबची एक ओळ. हिशेब जागेवरच असतो, पण दुकान उघडायच्या वेळी हे त्यांना कोण समजावणार?

म्हणून आधी हिशेबाची एक प्रत दुसरीकडे काढून घे. मग लॅपटॉप बंद कर, चार्जर आणि निघत असेल तर बॅटरीही काढ, मागचे स्क्रू सोडवून आतली डिस्क बाजूला ठेव. मगच इन्स्टॉल कर. जी डिस्क जोडलेलीच नाही तिच्यावर इन्स्टॉलर काही लिहू शकत नाही. डिस्क निघण्यासारखी नसेल, तर इन्स्टॉलच्या आधी जीपार्टेड या डिस्कचे विभाग हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आतल्या ईएफआय विभागाचे बूट आणि ईएसपी हे दोन्ही फ्लॅग काढ. काम झाल्यावर ते आठवणीने परत लाव. कोणत्या विभागाला कोणते फ्लॅग होते ते काढण्याआधीच कागदावर लिहून ठेव.

इन्स्टॉल चालू असताना वीज जाता कामा नये. जुन्या बॅटरीवर विसंबू नकोस, इन्व्हर्टरच्या प्लगवर लाव.

पुढे लिनक्समधून बाबांची फाइल उघडायची झाली, तर आधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद कर. ते चालू असलं तर विंडोज पुरतं बंद होत नाही आणि तशा अवस्थेत त्या विभागात लिहिलं तर फाइली बिघडू शकतात.

मागचा एखादा स्क्रू हटून बसला असेल तर जोर लावू नकोस, त्याची खाच झिजते. लॅपटॉप तसाच घेऊन इकडे ये, बारीक पेचकस माझ्याकडे आहेत.

तुझा,
मामा