उजेड कमी झाला म्हणून हुरळू नकोस

बाळ, पेपर तू वाचशीलच. मायक्रोआरएनए एखादं जनुक दाबतो का हे तपासायच्या ल्युसिफरेजच्या कामात माणूस अडतो तो पेपरात न लिहिलेल्या गोष्टींवर, म्हणून हे ऐकून ठेव.

फ्रीजरमधली ट्यूब काढण्याआधी प्लाझ्मिडचा नकाशा उघड. पीमिरग्लोमध्ये आपल्या जनुकाचा थ्री प्राइम यूटीआर काजव्याच्या ल्युसिफरेजमागे जोडतात आणि रेनिलाचं ल्युसिफरेज असतं हिशेबाला. सायचेक-२ मध्ये नेमकं उलटं, यूटीआर रेनिलाच्या मागे आणि हिशेबाला काजवा. दोन्ही ट्यूबा शेजारी शेजारी पडलेल्या, आणि एक्सेलमधलं सूत्र कुठल्या तरी जुन्या सीनियरने भरून ठेवलेलं. भागाकार उलटा झाला, की दाबलं गेलेलं जनुक चढलेलं दिसतं आणि लॅब मीटिंगमध्ये त्यावर गहन चर्चा झडते! शीटच्या माथ्यावर प्लाझ्मिडचं नाव लिहायची सवय लाव.

आता खरी मेख. मिमिक, म्हणजे मायक्रोआरएनएची कृत्रिम नक्कल, घातल्यावर उजेड उतरला, एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. मायक्रोआरएनएच्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतचा जो सीड, त्याची यूटीआरमधली जोडीदार जागा बिघडवलेला प्लाझ्मिड सोबत हवाच. ती जागा कापून टाकू नकोस, तीनचार अक्षरं बदल. लांबी तीच राहू दे. बदललेल्या अक्षरांनी दुसऱ्याच मायक्रोआरएनएची जागा तयार झाली नाही ना, तेही बघ. मूळ प्लाझ्मिडमध्ये उजेड उतरला आणि बिघडवलेल्यात जागचा हलला नाही, तर तुझ्या बोलण्यात दम आहे. दोन्हींत सारखाच उतरला, तर ती जागा या घसरणीचं कारण नाही. एकाच यूटीआरमध्ये अनेक जागाही असतात. एचएमजीए२ मध्ये लेट-७ च्या सात आहेत. तिथे एकच बिघडवून हाशील काय?

पेशी कोणत्या, हाही विचार हवा. हेलामध्ये लेट-७ मुळातच भरपूर, त्यामुळे वरून मिमिक ओतून फारसा फरक दिसत नाही. तिथे मायक्रोआरएनएला अडवणारा इनहिबिटर वापर, किंवा बिघडवलेल्या प्लाझ्मिडचा उजेड आपोआप चढतो का ते बघ. यकृताचा मिर-१२२ एचयूएच-७ मध्ये मुबलक आणि हेपजी-२ मध्ये जवळपास नाहीच. मिमिक घालायला हेपजी-२, इनहिबिटरला एचयूएच-७, सरळ हिशेब. आणि परिणाम दिसत नाही म्हणून मिमिकचा डोस वाढवत बसू नकोस. फार झाला तर तो पेशीतल्या बाकीच्या मायक्रोआरएनएंना आर्गोनॉट प्रोटीनवरून हुसकावतो आणि भलतीच जनुकं वर येतात.

रीडिंगच्या दिवशी घाई नको. सब्स्ट्रेट पूर्ण रूम टेंपरेचरला येऊ दे. गार असला तर उजेड कमी पडतो. आधी काजव्याचं रीडिंग, मग तो विझवणारं रिएजंट आणि त्यानंतर रेनिला. प्लेट पांढरी घे, पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या वेलचा उजेड झिरपतो. प्लाझ्मिड न घातलेल्या पेशींचा लायसेट ठेव आणि त्याचं रीडिंग वजा कर. लोक हे हमखास विसरतात.

आकडा तीसचाळीस टक्क्यांनी उतरला तर नाराज होऊ नकोस, खऱ्या जागा बहुधा एवढंच दाबतात. नव्वद टक्के उतरला तर मात्र आधी हिशेबाच्या ल्युसिफरेजचे नुसते आकडे बघ, पेशी जिवंत होत्या का ते बघ.

शेवटी रिव्ह्यूअर विचारणारच, पेशीतलं खरं प्रोटीन कमी झालं का? त्याला वेस्टर्न ब्लॉट लागतो. तेव्हा क्लोनिंग चालू असतानाच ॲन्टिबॉडीचा इंडेंट टाक. आपल्याकडे ती हातात पडेपर्यंत तुझे सगळे म्यूटंट तयार होऊन बसलेले असतील.