कुरणांतील गवत आणि गुरांच्या पोटांतील मिथेन वायु

वणीच्या उत्तरेस डोंगरउतारांवर दिवाळीनंतर जें गवत उभें असतें, तें पिकून पिवळें झालेलें असतें व त्यांत कुसळीचा भरणा फार. त्यावर गाय दिवसभर चरते, पोट तट्ट भरतें, पण दूध चढत नाहीं. ही तूट कोठें जाते, त्याचा एक भाग येथें मांडीत आहों.

रवंथ करणाऱ्या जनावराचें पहिलें पोट म्हणजे आंबवणाचें मोठें पिंपच होय. तेथें सूक्ष्म जंतु गवतांतील तंतु कुजवितात, त्या वेळीं हैड्रोजन सुटतो. दुसऱ्या जातीचे जंतु त्याचा कर्बवायूशीं संयोग करून मिथेन बनवितात. हा वायु बहुतेक सर्व ढेकरेवाटें जातो. लोक समजतात तसा मागील बाजूनें नव्हे. चाऱ्यांतील शक्तीचा २ ते १२ टक्के भाग असा वाऱ्यावर जातो. शिवाय १०० वर्षांच्या हिशेबानें मिथेन कर्बवायूच्या सुमारें २७ पट उष्णता धरतो, म्हणून जगाची नजर आतां गोठ्याकडे वळली आहे.

गवत जून झालें कीं तंतु वाढतो व प्रथिन घटतें. प्रथिन सुमारें ७ टक्क्यांखालीं गेलें म्हणजे पोटांतील जंतूंचीच उपासमार होते. चारा रेंगाळतो, जनावर कमी खातें आणि दर लिटर दुधामागें वायु अधिक पडतो. पिकलेली कुसळी या मर्यादेच्या बरीच खालीं असते; शिवाय तिच्या कुसळांनीं गुरांचें तोंड दुखावतें तें निराळेंच. मारवेल व पवन्या हीं गवतें जनावरें आवडीनें खातात, म्हणून तीं राखावींत. तथापि आमच्या मतें जातीपेक्षां कापणीची वेळ मोठी. मारवेलही काडी होईपर्यंत उभें ठेवलें तर कुसळीचा भाऊच. गवत निम्में फुलोऱ्यावर असतां कापावें हें खरें. पण तो काळ भाद्रपद-आश्विनाचा, परतीचा पाऊस डोक्यावर, आणि त्याच सुमारास द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी! मजूर बागेंत जातात व गवत डोंगरावर वाळतें. निदान दुभत्या गुरांपुरतें तरी गवत उघडीप साधून आधीं कापून घ्यावें.

उष्ण प्रदेशांतील द्विदल चाऱ्यावर गवतापेक्षां मिथेन कमी निघतो, असें अनेक प्रयोगांच्या एकत्र हिशेबांत दिसून आलें आहे. बांधावर सुबाभूळ चालेल, मात्र एकंदर चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक घालूं नये. त्यांतील मिमोसिन या विषारी द्रव्यानें केस गळतात. उतारावर स्टायलो बरा.

एक गोष्ट लपवीत नाहीं. चांगल्या चाऱ्यावर गाय अधिक खाते, त्यामुळें तिचा दिवसाचा एकूण वायु घटेलच असें नाहीं. घट दिसते ती लिटरमागें.

स्टायलोच्या बियांचें कवच टणक असतें. पेरणीपूर्वीं त्या कांहीं मिनिटें कढत पाण्यांत बुडवाव्या, मग रात्रभर थंड पाण्यांत भिजवून पहिल्या पावसाबरोबर उतारावर फेंकाव्या. आणि त्या हंगामांत तेथें गुरें सोडूं नयेत.