रस्त्यावर गाडी थांबवण्याचा अधिकार
(द्वितीय वर्ष, कला)

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण रूढ झाली तेव्हा रस्त्यावर मोटारी नसाव्यात. आज जन्मात कोर्टाचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही कायदा रस्त्यात गाठतो. शिट्टी वाजते, हात आडवा होतो, गाडी बाजूला घ्यावी लागते. त्या पाच मिनिटांत समोरच्या पोलिसाला काय करण्याचा अधिकार आहे आणि काय करण्याचा नाही, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असते? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा थोडा विचार करण्याचा प्रयत्न आहे.

हा विषय मला पुस्तकातून सुचला नाही, घरातून सुचला. माझे वडील मालवाहू टेम्पो चालवतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गावातली भाजी पहाटे बाजार समितीत पोचवायची आणि परत येताना मिळेल ते भाडे आणायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. मागच्या पावसाळ्यात एका पहाटे नाक्यावर त्यांना थांबवले. लायसन मागितले, ते त्यांनी दिले. विम्याचा कागद मागितला, तो घरी ट्रंकेत होता. “कागद घेऊन ये आणि लायसन घेऊन जा,” असे सांगून लायसन ठेवून घेतले. पावती दिली नाही आणि अण्णांनीही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन गेले, तर आदल्या दिवशीचे साहेब तेथे नव्हते. असे करता करता लायसन हाती यायला नऊ दिवस लागले. लायसनशिवाय गाडी बाहेर काढायची नाही हा अण्णांचा नियम. त्यामुळे नऊ दिवस टेम्पो दारात उभा राहिला. गावची भाजी दुसऱ्याच्या गाडीने गेली, बँकेचा हप्ता मात्र आमच्याच दारी आला.

कागद गाडीत नव्हता ही अण्णांची चूक होती, हे मी आधीच कबूल करते. पण त्या चुकीची शिक्षा नऊ दिवसांची रोजी, असे कायद्यात कोठे लिहिले आहे काय? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. हा प्रश्न विचारावा असे घरी कोणी नव्हते. म्हणून मी ग्रंथालयातून मोटार वाहन अधिनियम, १९८८ काढला. एकेक कलम तीन-तीनदा वाचावे लागले, आणि अडले तेथे आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी समजावून दिले. त्यातून जे उमगले ते येथे मांडते.

पहिली पायरी : लायसन दाखवा

हा कायदा १९३९ च्या जुन्या कायद्याची जागा घेऊन १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याचे कलम १३० सांगते की, सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवणाऱ्याने गणवेशातील कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागणी करताच आपले लायसन तपासणीसाठी दाखवले पाहिजे. या वाक्यात ‘संशय’ हा शब्द नाही आणि ‘कारण’ हाही नाही. ‘थांबवणे’ हा शब्दसुद्धा नाही, पण धावत्या गाडीतून लायसन दाखवता येत नाही, तेव्हा थांबणे त्यात आलेच. शिवाय कलम ११९ प्रमाणे वाहतूक नियंत्रणाचे काम करणाऱ्या पोलिसाने केलेली सूचना चालकावर बंधनकारक आहे. कायदेशीर रीतीने दिलेला आदेश जाणूनबुजून मोडला, तर कलम १७९ प्रमाणे दंड होतो.

म्हणजे ‘मी काय गुन्हा केला म्हणून मला थांबवले?’ असा वाद आपण घालतो, त्याला निदान या पायरीवर आधार नाही. लायसन पाहण्यापुरते थांबवायला आपल्या कायद्यात पोलिसाला कारण लागत नाही. त्याला गणवेश मात्र लागतो. साध्या कपड्यातला माणूस ‘मी पोलीस आहे’ म्हणाला, तर कलम १३० ची मागणी त्याला करता येत नाही. हुद्द्याची अट येथे घातलेली नाही.

हुद्द्याची अट कलम १३२ मध्ये आहे. अपघात झाल्यावर गाडी जागेवर थांबवून ठेवायची, तर गणवेशातील आणि उपनिरीक्षकाहून खालच्या हुद्द्याचा नसलेला अधिकारी लागतो. थांबवून ठेवण्याचा काळही वाजवी हवा आणि तो कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांहून जास्त नको. याच कलमात एक मौजेची गोष्ट सापडली. जनावर बुजेल, आवरणार नाही, अशी भीती वाटल्यास ते जनावर हाकणारा माणूसही मोटारवाल्याला थांबायला सांगू शकतो. जनावरे कोणती याची यादीही कायद्याने दिली आहे : घोडा, गुरे, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी आणि शेळी. आमच्या भागात दिवाळीनंतर मेंढरांचे कळप रस्त्याने जातात. हॉर्न वाजवून वाट काढणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की काठी आडवी धरणाऱ्या त्या मेंढपाळाच्या पाठीशी देशाचा कायदा उभा आहे?

अन्य देशांत काय आहे?

इंग्लंडमध्येही स्थिती आपल्यासारखीच आहे. तेथील १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम १६३ प्रमाणे गणवेशातील पोलिसाने सांगितले की चालकाने थांबले पाहिजे. अमेरिकेची वाट मात्र वेगळी आहे. त्यांच्या घटनेची चौथी दुरुस्ती नागरिकाला अवाजवी झडती आणि अटकावापासून संरक्षण देते. डेलावेअर राज्यात एका पोलिसाने कोणताही नियम मोडलेला दिसला नसताना, केवळ लायसन पाहण्यासाठी एक मोटार थांबवली आणि आत गांजा सापडला. १९७९ साली ‘डेलावेअर विरुद्ध प्राऊस’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, वाजवी संशय नसताना मनाला येईल ती एक गाडी निवडून थांबवणे घटनेला धरून नाही.

परंतु अमेरिकेतही हे संरक्षण वाटते तेवढे भक्कम नाही. १९९० च्या ‘सिट्झ’ खटल्यात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडण्यासाठी लावलेली नाकेबंदी न्यायालयाने मान्य केली. १९९६ च्या ‘व्रेन’ खटल्यात तर असे ठरले की, वाहतुकीचा एखादा लहानसा नियम मोडलेला दिसला तरी थांबवण्यास तेवढे पुरे. पोलिसाच्या मनात खरा हेतू काय होता, हे न्यायालय पाहणार नाही. लहानसहान नियम मोडत नाही असा चालक कोण आहे? म्हणजे कारण हवे असा नियम असूनही कारण सापडायला वेळ लागत नाही.

दुसरी पायरी : श्वासाची तपासणी

मला पूर्वी वाटे की एकदा गाडी थांबली की पुढचे सगळे पोलिसांच्या मर्जीवर. कायदा वाचल्यावर हा समज चुकीचा ठरला. लायसन पाहण्याच्या पलीकडे प्रत्येक पावलाला आपला कायदा कारण मागतो.

दारूचे उदाहरण घेऊ. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क आढळल्यास कलम १८५ प्रमाणे गुन्हा होतो. पण चालकाला यंत्रात फुंकर मारायला सांगण्याचा अधिकार देणारे कलम २०३ म्हणते की, त्याने हा गुन्हा केला असल्याचा संशय घेण्यास अधिकाऱ्याजवळ वाजवी कारण असले पाहिजे. तोंडाला येणारा वास, नागमोडी चालणारी गाडी, अडखळणारी जीभ ही अशी कारणे होत. या गुन्ह्यासाठी अटक झालीच, तर कलम २०२ प्रमाणे दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्या माणसाला सोडून द्यावे लागते.

तिसरी पायरी : लायसन ठेवून घेणे

आता अण्णांच्या गोष्टीकडे येते. लायसन पाहणे वेगळे आणि ते ठेवून घेणे वेगळे. ठेवून घेण्याबाबत कलम २०६ आहे. कागद बनावट आहे असे मानण्यास कारण असेल, तर तो जप्त करता येतो. किंवा ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवला आहे तो चालक पळून जाईल, समन्स चुकवील, असे मानण्यास कारण असेल, तर लायसन जप्त करून न्यायालयाकडे पाठवता येते. या दुसऱ्या प्रकारात अधिकाऱ्याने तात्पुरती पोचपावती दिलीच पाहिजे. लायसन परत मिळेपर्यंत, किंवा पावतीवर घातलेल्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर त्या पावतीवर गाडी चालवता येते.

हे वाक्य वाचले तेव्हा मी ग्रंथालयात काही वेळ नुसती बसून राहिले. एक चिठ्ठी! ती हातात असती तर त्या नऊ दिवसांत आमचा टेम्पो दारात उभा राहिला नसता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमात चौथे पोटकलम आले. अतिवेग, धोकादायक चालवणे, दारू पिऊन चालवणे, हेल्मेट नसणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे अशा ठरावीक गुन्ह्यांत लायसन जप्त करून ते परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे पाठवले जाते. तेथेही पावती द्यावीच लागते, परंतु त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. विम्याचा कागद घरी राहणे हे या यादीत नाही.

कागदांच्या बाबतीत आणखी एक सोय झाली आहे. २०१८ च्या नियमदुरुस्तीनंतर लायसन, नोंदणी, विमा हे कागद डिजिलॉकरसारख्या सरकारी सोयीतून मोबाइलवर दाखवले तरी चालतात. अण्णांचा फोन मात्र बटणांचा आहे.

चौथी पायरी : गाडी अडकवणे आणि झडती

पूर्ण गाडीच ताब्यात घेण्याबद्दल कलम २०७ आहे. लायसन नसताना किंवा वय भरलेले नसताना चालवणे, नोंदणी नसणे, परमिट नसणे, अशा गोष्टी घडल्या आहेत असे मानण्यास कारण हवे. झडतीचेही तेच. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याच्या कलम ४९ मध्ये वाहन थांबवून झडती घेण्याचा अधिकार आहे, पण त्या वाहनातून असा माल जात असल्याचा संशय घेण्यास कारण असेल तरच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे तपासाच्या कामात वॉरंटाशिवाय झडती घ्यायची, तर अधिकाऱ्याने आपली कारणे लेखी नोंदवली पाहिजेत.

थोडक्यात, आपल्या कायद्याची रचना जिन्यासारखी आहे. पहिल्या पायरीला फक्त गणवेश पुरतो. पुढच्या प्रत्येक पायरीवर अधिकाऱ्याला ‘कारण’ द्यावे लागते, आणि लायसन घेतले तर कागदही द्यावा लागतो. सामान्य चालक नेमके उलटे वागतो. पहिल्या पायरीवर तो हुज्जत घालतो आणि जेथे विचारायला हवे तेथे गप्प बसतो. घटनेच्या २१ व्या कलमाचा अर्थ लावताना मेनका गांधी खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माणसाच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालणारी पद्धत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. हे तत्त्व दिल्लीच्या न्यायालयापुरते नाही, ते आमच्या नाक्यालाही लागू आहे.

पोलिसांची बाजूही पाहिली पाहिजे. आमच्याच वाडीतला एक मुलगा दारू प्यालेल्या चालकाच्या गाडीखाली गेला. त्या रात्री कोणी ती गाडी थांबवली असती तर, असे त्याची आई अजून म्हणते. उन्हापावसात बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या शिपायाने प्रत्येक गाडीला आधी गुन्हा सिद्ध करून मगच हात करावा, असे कोणी म्हणणार नाही. थांबवण्याचा अधिकार हवाच. तो हवा म्हणूनच त्याच्या मर्यादा दोन्ही बाजूंना माहीत हव्यात.

हे सगळे एका रात्री मी घरी वाचून दाखवले. आई भाकरी थापता थापता ऐकत होती. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “तू वाचलंस ते खरं असंल, बाळ. पण पहाटे चारला त्या नाक्यावर ते पुस्तक कोण वाचून दाखवणार? मला साहेबाशी वाद घालायचा नाही.”

यावर माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हते. वाद घालणाऱ्याची गाडी आणखी एक तास थांबते आणि तोवर कोथिंबीर सुकते, हे अण्णांना माझ्यापेक्षा जास्त कळते. मग आम्ही दोघांनी मिळून एक केले. सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टेम्पोत ठेवले. त्यात एका पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिले : ‘कलम २०६ – पावती’. आणि अण्णांनी एक वाक्य म्हणून पाहिले, “साहेब, पावती मिळंल का?” पहिल्यांदा ते फार हळू म्हणाले. आई हसली. दुसऱ्यांदा नीट म्हणाले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर किंवा जीप चालवतो. परीक्षेत मूलभूत हक्कांवर आपण पानेच्या पाने लिहितो. त्यातली ही तीन-चार कलमे एका संध्याकाळी घरी वाचून दाखवायला अर्धा तासही लागत नाही. तेवढे आपण प्रत्येकाने करावे, एवढीच विनंती.