तीन मिनिटांची मैफल

शास्त्रीय संगीतावरील लेखन वाचताना मला बहुधा दोन प्रकार आढळतात. एका प्रकारात थाट, वादी, संवादी, आरोह, अवरोह यांची कोष्टके असतात. दुसऱ्या प्रकारात 'स्वर्गीय', 'अलौकिक', 'ब्रह्मानंद' अशा विशेषणांची आरास असते. गाणे प्रत्यक्षात ऐकावे कसे, कानाने नेमके काय टिपावे, हे सांगणारे लेखन त्या मानाने थोडे. गेले वर्षभर मी काही जुन्या ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकत आहे. त्या ऐकताना जे उमगले ते विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी गाणे शिकलेली नाही. घरात भजनाचा वारसा आणि मनात ऐकण्याची आवड, हेच माझे भांडवल.

आपल्या सिंधुदुर्गात शास्त्रीय संगीताच्या मैफली वरचेवर होत नाहीत. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरत आला. तिथला विद्यार्थी मोठमोठ्या गवयांना समोर बसून ऐकू शकतो. आपल्या वाट्याला येतात जत्रेतले दशावतार आणि भजनाच्या डबलबाऱ्या. त्यांत संगीत नाही असे कोण म्हणेल? दशावतारी राजाचे पद असो की बुवांनी रंगवलेला अभंग असो, राग त्यात असतोच. पण तोच राग सुटा करून, निवांतपणे अनुभवायचा तर आपल्याला ध्वनिमुद्रिकेचाच आधार. पूर्वी त्यासाठी फोनो आणि तबकड्या घरात असाव्या लागत. आता संग्राहकांनी जुन्या तबकड्या इंटरनेटवर खुल्या केल्यामुळे त्या साध्या मोबाईलवरही ऐकता येतात.

तबकडीने घातलेली अट

आपल्याकडील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी तेथे गौहरजान या प्रसिद्ध गायिकेचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगते, हे ऐकताना आज गंमत वाटते. पण त्यामागे व्यवहार होता. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि तिथल्या माणसांना गाणारी कोण हे कळण्यास ती खूण उपयोगी पडे. कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला तो १९०८ मध्ये.

त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गवयाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. त्या ध्वनीच्या कंपाने सुई हले आणि मेणाच्या चकतीवर रेघ उमटे. म्हणून त्या जुन्या मुद्रणांत आवाज उंच आणि ओढलेला वाटतो, तबला तर लांब कुठे तरी वाजल्यासारखा. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण जगात १९२५ पासून रूढ झाले आणि त्यानंतरच्या तबकड्यांत आवाजाचा खरा पोत सापडू लागला. एक गोष्ट मात्र बदलली नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत. जो गवई एक राग तासभर गाई, त्याला कंपनी सांगे : बुवा, तीन मिनिटे!

या अटीमुळे खयालाचे नुकसान झाले, असे काही जाणकार म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. विलंबित लयीतली संथ बढत तीन मिनिटांत बसणे शक्य नाही. ती ऐकायची तर पुढच्या काळातील लाँगप्ले तबकड्यांकडे वळावे लागते. किशोरी आमोणकरांचा 'भूप' ऐकला की वीस-बावीस मिनिटांच्या अवकाशात राग कसा फुलतो ते कळते. पण छोट्या तबकडीने गवयाला एक वेगळाच प्रश्न घातला : या रागातले काय टाकले तरी चालेल, आणि काय टाकले तर राग उरणारच नाही? त्याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या परीने दिले. ओवीत कथा सांगावी लागते तशी ही गोष्ट आहे. जागा थोडी, म्हणून शब्द नेमका.

वझेबुवांचा तिलककामोद

माझ्या ऐकण्यातील पहिले नाव रामकृष्णबुवा वझे (१८७१–१९४५) यांचे. बुवांचा जन्म सावंतवाडी संस्थानातला, म्हणजे आजच्या आपल्याच जिल्ह्यातला. त्यांच्या सुरुवातीच्या शिक्षकांत मालवणच्या विठोबाअण्णा हडप यांचे नाव येते. पुढे हा मुलगा विद्येसाठी घर सोडून निघाला, हालअपेष्टा सोशीत ग्वाल्हेरला पोहोचला आणि निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकला. एकेका चिजेसाठी त्या काळी गुरुघरी काय काय सोसावे लागे, हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. 'ललितकलादर्श' मंडळीच्या नाटकांना त्यांनी चाली दिल्या. मास्टर दीनानाथांना त्यांची तालीम मिळाली.

वझेबुवांचा आवाज गोड म्हणावा असा नाही. तो जाड आहे, काहीसा खरखरीत आहे. पहिल्यांदा ऐकताना माझ्या मैत्रिणीने कानांवर हात ठेवले! पण त्यांची तिलककामोदाची तबकडी दोन-तीनदा ऐकावी. आलापीत वेळ न दवडता बुवा बंदिशीला हात घालतात आणि रागाचे तोंड क्षणात दिसते. तिलककामोद हा देसाच्या शेजारी राहणारा राग. अंगाने जवळचा, म्हणून गल्लत होण्याचा धोका. गंधारावरून षड्जावर उतरणे आणि मग खाली निषादाला स्पर्श करणे, ही त्याची खूण. ती खूण सांभाळून हा गवई लयीशी झटापट करतो आणि समेवर असा येतो, की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलावी.

ही तबकडी मी आमच्या वाडीतल्या भजनीबुवांना ऐकवली. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. पेटी अजून सुटलेली नाही. डोळे मिटून त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "हेका कसली घाय नाय गो. तीन मिन्टां आसत, तरी घाय नाय." संगीताच्या चार पुस्तकांतून मला जे कळले नव्हते ते या एका वाक्याने कळले. वेळ थोडा असणे आणि घाई असणे या दोन गोष्टी वेगळ्या. हा गवई मूळचा सावंतवाडीकडचा, असे सांगताच बुवांचा चेहरा फुलला. "म्हणजे आपल्यातलोच की!" असे म्हणून त्यांनी तबकडी पुन्हा लावायला सांगितली.

एक सूर आणि एक प्रश्न

वझेबुवांच्या अगदी उलट प्रकृतीचा आवाज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचा (१८७२–१९३७). खाँसाहेब कैराण्याचे, पण मिरजेत स्थिरावले. त्यांची झिंझोटीतील ठुमरीची तबकडी प्रसिद्धच आहे. लयीची झटापट इथे नाही. एक सूर लागतो, थांबतो, जरा झुकतो आणि पुन्हा उभा राहतो. वझेबुवा ऐकल्यावर लगेच खाँसाहेब ऐकावेत, म्हणजे 'गायकी' या शब्दाचा अर्थ व्याख्येवाचून समजतो. तबकडी तेवढीच, मिनिटे तेवढीच. पण एकाने ती लयीने भरली, दुसऱ्याने सुराने.

तिसरे नाव केसरबाई केरकर (१८९२–१९७७). गोव्यात फोंड्याजवळच्या केरी गावात त्यांचा जन्म. वझेबुवांकडे त्या काही काळ शिकल्या, भास्करबुवा बखल्यांकडेही शिकल्या आणि पुढे अल्लादिया खाँसाहेबांची दीर्घ तालीम त्यांना मिळाली. त्यांची भैरवीतील 'जात कहाँ हो' ही सुमारे साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत आहे. संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली होती. निवड झाली तरी मूळ तबकडी सहजी मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. २०१२ मध्ये त्यांपैकी एक यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले, २०१८ मध्ये दुसरेही गेले. 'कुठे चालली आहेस?' असा प्रश्न असलेले गाणे परत न येणाऱ्या वाटेवर निघाले आहे, हा योगायोग मोठा विलक्षण म्हणावा लागेल.

पण मला या हकिकतीत यानापेक्षा ते दुकान महत्त्वाचे वाटते. कुणी तरी ती तबकडी टाकून दिली नव्हती, म्हणून ती ताऱ्यांपर्यंत गेली.

जे उरले आणि जे गेले

अल्लादिया खाँसाहेबांची (१८५५–१९४६) एकही ध्वनिमुद्रिका आज ऐकायला मिळत नाही. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचीही नाही. ज्या दोन नावांवाचून महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास लिहिता येत नाही, ते दोन्ही आवाज आपल्याला अज्ञात आहेत. अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे आपण ऐकतो ते केसरबाईंच्या आणि मोगूबाईंच्या गळ्यातून, एखाद्या देवळाचा आकार तळीतल्या पडछायेवरून ओळखावा तसे.

मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांचे गाव कुर्डी. दक्षिण गोव्यातील हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती वर येतात आणि जुने गावकरी तिथे जमतात, असे वाचले. मोगूबाईंच्या तबकड्या मोजक्याच. पण गाव बुडाले तरी त्या गावाचे नाव लावणारा आवाज कोरडा राहिला. त्यांची कन्या किशोरीताई. त्यांचा 'भूप' वर सांगितलाच आहे. माती, पाणी, माणूस यांपैकी काहीच कायम नाही. टिकते ते, जे कुणी तरी वेळीच टिपले आणि नंतर जपले.

ऐकण्याची एक रीत

आता थोडे व्यवहाराचे. या तबकड्या कशा ऐकाव्यात? मला उपयोगी पडलेली रीत अशी. एक तबकडी घ्यावी आणि ती लागोपाठ तीनदा ऐकावी. पहिल्या वेळी फक्त तालाकडे लक्ष द्यावे. भजनात टाळ धरलेल्या कुणालाही सम शोधणे अवघड नाही. गाण्याचा मुखडा फिरून फिरून जिथे येऊन टेकतो ती सम. दुसऱ्या वेळी अस्थायी कुठे संपते आणि आवाज वरच्या षड्जाकडे झेपावून अंतरा कुठे सुरू होतो, ते पाहावे. तिसऱ्या वेळी षड्ज मनात धरून ठेवावा आणि गवई कोणत्या स्वरावर वारंवार थांबतो ते टिपावे. वादी-संवादीचे कोष्टक त्यानंतर उघडावे. तोवर आपण ते अर्धेअधिक कानाने लिहिलेले असते.

एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी आरंभीच्या काळात हा वेग काटेकोर नव्हता. सुमारे ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी कुणी ७८ ने वाजवून इंटरनेटवर चढवली, तर पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने वर जाते, लय चढते आणि भारदस्त आवाज पातळ होतो. तेव्हा एकाच तबकडीच्या दोन-तीन प्रती ताडून पाहाव्यात, आणि मगच 'बुवांचा आवाज असा होता' असे म्हणावे. रागाची आणि गायकाची नावेही पुष्कळदा चुकीची दिलेली असतात, तीही पडताळावीत.

शेवटी एक विनंती

आमच्या वाडीतल्या ज्या बुवांचा मी वर उल्लेख केला, त्यांच्या तरुणपणीच्या भजनांच्या चार कॅसेटी त्यांच्या घरी होत्या. आपली हवा खारी आणि दमट. चारही कॅसेटींना बुरशी धरली आहे. आता त्यातून येते ती नुसती खरखर. म्हणून गेल्या दिवाळीत त्यांची परवानगी घेऊन मी मोबाईलवर त्यांचे अकरा अभंग मुद्रित केले आणि प्रत्येकाबरोबर तारीख, गाव, साथीदारांची नावे आणि बुवा स्वतः त्या चालीला कोणत्या रागाची म्हणतात ते वहीत लिहून ठेवले. आवाज आता थकला आहे, श्वास मध्येच तुटतो. पण समेवर येण्याची त्यांची ऐट अजून तशीच आहे.

आपल्या महाविद्यालयात देवगडपासून दोडामार्गापर्यंतच्या गावांतून विद्यार्थी येतात. प्रत्येकाच्या गावी एखादे भजनीबुवा, दशावतारातले पेटीवाले, मृदंगवाले, ओव्या म्हणणारी आजी असेल. प्रत्येकाने एकच आवाज टिपला आणि अशीच नोंद करून ग्रंथालयाकडे दिला, तर चार वर्षांत केवढा संग्रह उभा राहील! त्याच्या जोडीला आठवड्यातून एक तास एकत्र बसून एकच जुनी तबकडी तीनदा ऐकण्याचा परिपाठ सुरू करावा, अशी मराठी विभागाला आणि प्राचार्यांना माझी नम्र विनंती आहे. त्यासाठी एक खोली आणि एक बरा ध्वनिक्षेपक पुरेल. पहिल्या तासाला वझेबुवांचा तिलककामोद लावावा. बुवांना मी निमंत्रण देईन. येण्याचे त्यांनी कबूल केले आहे.